सर्व्हरवरील प्रोग्रॅमिंग भाषांच्या आवृत्त्या : स्वयंचलित स्थापनेची गरज आणि पद्धत

(लेखक उर्दू व मराठीचे अधिव्याख्याते आहेत. माधव नगर, उज्जैन)

प्रस्तावना

प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखावृत्त उज्जैनवरून जाते असे मानले जाई. आठव्या शतकात हे गणित बगदादला पोहोचले आणि त्याबरोबर आमच्या शहराचे नावही तेथे गेले. अरबी लिपीत ते 'उझैन' असे लिहिले गेले. या लिपीत 'झे' आणि 'रे' या दोन अक्षरांत फरक आहे तो फक्त एका नुक्त्याचा. नक्कल करताना तो नुक्ता सुटला आणि 'उझैन'चे 'अरीन' झाले. पुढच्या नकलाकारांनी समोर जे होते तेच प्रामाणिकपणे उतरवून घेतले. कालांतराने 'अरीन' हे पृथ्वीच्या मध्यावरील एक वेगळेच ठिकाण समजले जाऊ लागले आणि तेच नाव पुढे लॅटिन ग्रंथांतही गेले. चूक एका ठिपक्याची होती; ती शतकानुशतके टिकली, कारण ती कोठे झाली याची नोंद कोणाकडेच नव्हती.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित आहे. परंतु आज आपल्या महाविद्यालयांच्या संगणक कक्षात हाच प्रकार वेगळ्या रूपात घडत आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सर्व्हरवर पायथन, पीएचपी, जावा अशा भाषा बसवल्या जातात. त्या कोण बसवतो, कोणती आवृत्ती बसवतो आणि कशा प्रकारे बसवतो, याची नोंद बहुधा नसते. दुसऱ्या सर्व्हरवर तेच काम पुन्हा हाताने केले जाते आणि एखादा 'नुक्ता' सुटतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप, तो सोडवण्यासाठी विकसित झालेली साधने आणि सामुदायिक महाविद्यालयांच्या अध्यापकांना झेपेल अशी कार्यपद्धती यांचा विचार केला आहे. विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

आवृत्ती म्हणजे काय ?

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा काही चुका दुरुस्त होतात, काही प्रकरणे वाढतात, क्वचित एखादे प्रकरण वगळले जाते. प्रोग्रॅमिंग भाषांचेही तसेच आहे. आवृत्तीचा क्रमांक साधारणपणे तीन भागांत लिहितात. उदाहरणार्थ, पायथन 3.12.4 यात 3 हा मुख्य क्रमांक, 12 हा उपक्रमांक आणि 4 हा दुरुस्तीचा क्रमांक होय. दुरुस्तीच्या क्रमांकात बहुधा दोष काढलेले असतात. उपक्रमांक बदलला की नव्या सोयी येतात आणि काही जुन्या सोयी काढून टाकल्या जातात. मुख्य क्रमांक बदलला तर जुनी आज्ञावली चालेलच याची खात्री देता येत नाही.

प्रत्येक आवृत्तीला आयुष्य असते. पायथनच्या प्रत्येक उपक्रमांकाला साधारण पाच वर्षे सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळतात. पायथन 3.12 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली व तिची मुदत ऑक्टोबर 2028 पर्यंत आहे. पायथन 2 चा पाठिंबा 1 जानेवारी 2020 रोजी संपला आणि त्या मालिकेतील शेवटची आवृत्ती 2.7.18 एप्रिल 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. पीएचपी 7.4 ची मुदत नोव्हेंबर 2022 मध्ये संपली. मुदत संपलेली आवृत्ती बंद पडत नाही, ती चालतच राहते. परंतु त्यानंतर तिच्यात सापडलेला दोष मूळ संस्थेकडून दुरुस्त होत नाही. म्हणूनच ती अधिक फसवी ठरते.

आवृत्ती बदलते तेव्हा उत्तर बदलते

आवृत्तीतील फरकाने प्रोग्रॅम चालत नाही, एवढेच नुकसान असते तर ते लगेच लक्षात आले असते. खरी अडचण अशी की प्रोग्रॅम विनातक्रार चालतो आणि वेगळेच उत्तर देतो. दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण गुणांचे. एका विद्यार्थ्याला दोन चाचण्यांत मिळून 69 गुण आहेत. सरासरी 34.5 होते. उत्तीर्ण होण्यास 35 गुण लागतात आणि अर्धा गुण वर धरावा असा नियम आहे, म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण आहे. आता हे गणित पायथनला सांगू. पायथन 2 मध्ये 69 भागिले 2 असे लिहिले तर उत्तर 34 येते, कारण त्या आवृत्तीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो. पायथन 3 मध्ये तेच लिहिले तर 34.5 येते. ज्याला हे ठाऊक होते त्याने पायथन 2 मध्येही भाजक 2.0 असा लिहून 34.5 मिळवले आणि ते 'राउंड' या क्रियेने पूर्ण केले. उत्तर 35 आले. विद्यार्थी उत्तीर्ण झाला. पुढे सर्व्हर बदलला आणि पायथन 3 आला. तीच ओळ, तेच गुण. परंतु आता 'राउंड'चे उत्तर येते 34. पायथन 3 मध्ये नेमका अर्धा असल्यास तो जवळच्या सम संख्येकडे नेण्याचा नियम आहे. म्हणून 35.5 चे 36 होतात, पण 34.5 चे मात्र 34 होतात. विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरला. पडद्यावर चुकीचा कोणताही संदेश आला नाही.

हा प्रयोग कोणत्याही अध्यापकाला पाच मिनिटांत करून पाहता येईल. यात पायथनचा दोष नाही. सम संख्येकडे नेण्याचा नियम संख्याशास्त्रात योग्य कारणांसाठी वापरतात आणि हा बदल भाषेच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेला आहे. यावर उपायही सोपा आहे : बेरजेत 1 मिळवून पूर्णांक भागाकार केला, तर 70 भागिले 2 म्हणजे 35 हे उत्तर दोन्ही आवृत्त्यांत सारखेच येते. परंतु हा उपाय करण्यासाठी आधी आवृत्ती बदलली आहे, हे कोणाला तरी माहीत असावे लागते. विद्यार्थ्याचे गुण ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती ज्या यंत्रावर मोजली जाते त्या यंत्रावर काय बसवलेले आहे हे आपल्याला सांगता येऊ नये, ही गोष्ट उचित नाही.

दुसरे उदाहरण भाषेच्या अध्यापकांच्या जवळचे आहे. निबंधातील अक्षरे मोजण्यासाठी लहानशी आज्ञावली लिहिली, तर 'मराठी' या शब्दाची लांबी किती येईल ? वाचक तीन अक्षरे म्हणेल. पायथन 2 मध्ये साध्या अवतरणात हा शब्द युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीने साठवला असल्यास उत्तर 15 येते, कारण तेथे बाइट मोजले जातात व देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन 3 मध्ये उत्तर 5 येते : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. 'उर्दू' हा शब्द उर्दू लिपीत अलिफ, रे, दाल आणि वाव अशा चार अक्षरांचा आहे. पायथन 2 त्याची लांबी 8 सांगतो आणि पायथन 3 बरोबर 4 सांगतो. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत हा फरक दिसतच नाही. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर तपासलेली आज्ञावली आपल्या भाषांवर आली की घसरते. आवृत्तीचा प्रश्न मराठी आणि उर्दूसाठी अधिक जिव्हाळ्याचा आहे तो यामुळेच.

एकाच सर्व्हरवर अनेक आवृत्त्या का लागतात ?

यावर कोणी म्हणेल की सर्वत्र सर्वांत नवी आवृत्ती बसवावी म्हणजे प्रश्न मिटला. व्यवहारात तसे होत नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे तयार प्रणालींच्या अटी. मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली 2002 पासून उपलब्ध आहे व 2020 च्या टाळेबंदीत अनेक महाविद्यालयांनी ती स्वीकारली. त्या वर्षी आलेली मूडल 3.9 ही पीएचपी 7.2 ते 7.4 वर चालते. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या मूडल 4.5 ला किमान पीएचपी 8.1 लागते. उबंटू 20.04 मध्ये पीएचपी 7.4 मिळते, 22.04 मध्ये 8.1 आणि 24.04 मध्ये 8.3 मिळते. म्हणजे जुन्या मूडलमधील अभ्यासक्रम नव्या मूडलमध्ये नेईपर्यंत दोन्ही पीएचपी जवळ बाळगाव्या लागतात.

दुसरे कारण म्हणजे अध्यापन साहित्य. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते उपलब्ध करून दिले. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला हा प्रकल्प आपल्यासारख्या महाविद्यालयांना फार उपयुक्त आहे. त्यातील एका पाठमालेचे नावच 'पायथन 3.4.3' असे आहे. कोणत्या आवृत्तीवर शिकवले आहे हे शीर्षकातच सांगण्याची ही शिस्त अनुकरणीय आहे. परंतु पायथन 3.4.3 फेब्रुवारी 2015 मधील आहे आणि 3.4 या शाखेची मुदत मार्च 2019 मध्ये संपली. आज उबंटू 24.04 बसवले तर त्यात पायथन 3.12 येतो. पाठ एका आवृत्तीचा आणि प्रयोगशाळा दुसऱ्या आवृत्तीची, अशी स्थिती निर्माण होते.

तिसरे कारण सर्वांत कमी माहीत आहे. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच्या कामासाठी पायथन वापरत असते. सेंटओएस 6 व 7 मध्ये सॉफ्टवेअर बसवणारे 'यम' हे साधनच पायथन 2 मध्ये लिहिलेले होते. ज्यांनी उत्साहाच्या भरात मूळ पायथनच्या जागी नवा पायथन बसवला, त्यांचे 'यम' बंद पडले. म्हणजे दुरुस्तीसाठी जे हत्यार लागते तेच मोडले. उबंटूमध्येही व्यवस्थापनाची बरीच साधने पायथनवर चालतात. म्हणून नियम असा : यंत्राचा पायथन यंत्रासाठी आणि आपला पायथन आपल्यासाठी. दोन्ही वेगवेगळ्या जागी असावेत.

हाताने स्थापना करण्यातील दोष

आवृत्ती हाताने बसवण्याचे काम वरकरणी सोपे वाटते. मूळ संहिता उतरवून घ्यायची, तिच्या रूपांतरासाठी लागणारी साधने बसवायची, 'कॉन्फिगर' आणि 'मेक' या आज्ञा द्यायच्या, झाले. एका यंत्रावर हे काम नीट होते. तिसऱ्या यंत्रावर एखादे साहाय्यक ग्रंथालय राहून जाते. पायथनची रचना करताना एसक्यूलाइट किंवा ओपनएसएसएल यांच्या विकासासाठीच्या फाइली नसल्या, तरी रचना पूर्ण होते. फक्त तो भाग वगळला जातो. शेवटी दिसणाऱ्या लांबलचक मजकुरात तसा उल्लेख असतो, पण तो कोणी वाचत नाही. महिन्याभराने विद्यार्थी डेटाबेसचा प्रयोग करू लागतात तेव्हा एका यंत्रावर तो चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही. दोन्हींवर आवृत्तीचा क्रमांक मात्र एकच दिसतो.

याहून मोठा दोष स्मरणाचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात सर्व्हरचे सर्व ज्ञान एका प्रयोगशाळा सहायकाकडे होते. मुलगा हुशार आणि कष्टाळू होता. त्याला चांगली नोकरी मिळाली व तो निघून गेला. त्याचा सर्वांना आनंदच झाला. काही दिवसांनी सर्व्हरची हार्ड डिस्क निकामी झाली. अभ्यासक्रमाच्या फाइली दुसरीकडे जपून ठेवल्या होत्या, त्या मिळाल्या. परंतु त्या ज्यावर चालत होत्या ते वातावरण पुन्हा कसे उभे करायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वहीत त्या दिवसाच्या नोंदीत दोनच शब्द होते : 'पायथन टाकला.' कोणता, कोठून आणि कोणत्या पर्यायांसह, हे लिहिलेले नव्हते. सत्राचे तीन आठवडे गेले. यात त्या मुलाचा दोष नव्हता. नोंद कशी ठेवावी हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

स्वयंचलनाची संकल्पना

उर्दूत 'नुस्खा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हस्तलिखिताची प्रत म्हणजे नुस्खा आणि हकिमाने लिहून दिलेली औषधयोजना म्हणजेही नुस्खा. स्वयंचलित स्थापनेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. सर्व्हर कसा असावा हे एका फाइलीत लिहायचे आणि ती फाइल यंत्राकडूनच अमलात आणायची. लिहिलेले आणि केलेले यांत अंतर राहत नाही. ती फाइल म्हणजे औषधयोजना आणि तीच अस्सल प्रत.

ही कल्पना नवी नाही. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 1993 मध्ये 'सीएफइंजिन' हे साधन तयार केले. अनेक संगणकांची देखभाल एकट्याने करावी लागते, या अडचणीतून ते निर्माण झाले. पुढे 2005 मध्ये ल्यूक केनिस यांचे 'पपेट' आले, 2009 मध्ये 'शेफ' आले आणि 2012 मध्ये मायकेल डिहान यांनी 'अँसिबल' प्रसिद्ध केले. 'शेफ'मध्ये अशा फाइलीला पाककृती म्हणतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. अँसिबल 2015 मध्ये रेड हॅट या कंपनीने घेतले. या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे.

भाषांच्या आवृत्त्यांपुरता विचार करणारी लहान साधनेही याच काळात आली. रूबी भाषेसाठी सॅम स्टीफन्सन यांनी 2011 मध्ये 'आरबीएन्व्ह' लिहिले. त्याच धर्तीवर पायथनसाठी 'पायएन्व्ह' तयार झाले. नोड या प्रणालीसाठी 'एनव्हीएम' वापरतात. या साधनांमुळे एकाच यंत्रावर अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात आणि कोणत्या फोल्डरमध्ये कोणती आवृत्ती चालावी हे त्या फोल्डरमधील एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येते. एका संगणकासाठी ही लहान साधने पुरेशी आहेत. सर्व्हर एकाहून अधिक असतील तर अँसिबलसारखे साधन लागते.

लहान महाविद्यालयासाठी अँसिबल सोयीचे आहे, कारण सर्व्हरवर त्याचा कोणताही कायमचा भाग बसवावा लागत नाही. आपल्या संगणकावरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने ते सर्व्हरशी बोलते. सर्व्हरवर फक्त पायथन लागतो आणि तो बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आधीपासून असतोच. आज्ञांची फाइल साध्या मजकुराची असते. तिला 'प्लेबुक' म्हणतात.

यातील मध्यवर्ती तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. साध्या स्क्रिप्टमध्ये आपण कृती लिहितो : हे कर, मग ते कर. प्लेबुकमध्ये आपण स्थिती लिहितो : हे असले पाहिजे. नसेल तर यंत्र ते करते, असेल तर काहीच करत नाही. रोजच्या व्यवहारातील उदाहरण द्यायचे तर शिपायाला 'दिवा लावण्याचे बटण दाब' असे सांगणे वेगळे आणि 'वर्गात दिवा लागलेला असावा' असे सांगणे वेगळे. पहिली आज्ञा दोनदा दिली तर दिवा विझेल. दुसरी आज्ञा कितीही वेळा दिली तरी दिवा लागलेलाच राहील. प्लेबुक दुसऱ्यांदा चालवले असता बदलांची संख्या शून्य दिसली पाहिजे. ती शून्य नसेल तर प्लेबुक लिहिण्यात काही तरी कमी राहिले आहे असे समजावे.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

पायथनची एक ठरावीक आवृत्ती तीन सर्व्हरवर बसवायची आहे असे समजू. प्लेबुकमध्ये पुढील टप्पे क्रमाने येतात.

1. यंत्रांची यादी : कोणते सर्व्हर आहेत आणि कोणता कशासाठी आहे, हे वेगळ्या फाइलीत लिहावे. अध्यापनाचा, सरावाचा व निकालाचा सर्व्हर असे गट पाडावेत.

2. आवृत्तीची नोंद : क्रमांक तीनही भागांसह पूर्ण लिहावा. 'नवीनतम' असा शब्द कधीही लिहू नये. आजचे नवीनतम आणि सहा महिन्यांनंतरचे नवीनतम एक नसते.

3. पूर्वसाहित्य : रूपांतरक, 'मेक' आणि झेडलिब, ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, रीडलाइन यांच्या विकासाच्या फाइली यांची यादी द्यावी. हाताने काम करताना सुटतो तो नुक्ता बहुधा येथेच असतो.

4. उगम आणि पडताळणी : मूळ संहिता भाषेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिचा चेकसम प्लेबुकमध्ये लिहावा. चेकसम म्हणजे फाइलीच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. खूण जुळली नाही तर अँसिबल ती फाइल स्वीकारत नाही आणि काम तेथेच थांबते. बगदादच्या नकलाकाराकडे ही सोय नव्हती.

5. स्थान : आपली आवृत्ती यंत्राच्या आवृत्तीपासून दूर, स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवावी. पायथनच्या बाबतीत शेवटची आज्ञा 'मेक इन्स्टॉल' न देता 'मेक ऑल्टइन्स्टॉल' द्यावी. तिच्यामुळे 'पायथन3' हे सर्वसाधारण नाव व्यापले जात नाही, फक्त क्रमांकासह असलेले नाव तयार होते.

6. पुनरुक्ती टाळण्याची अट : रूपांतराची आज्ञा ही कृती आहे, स्थिती नाही. म्हणून 'ही फाइल आधीच असल्यास हा टप्पा वगळावा' अशी अट सोबत जोडावी लागते. ही अट राहिली तर प्रत्येक वेळी सगळी रचना नव्याने होत राहते.

7. चाचणी : शेवटच्या टप्प्यात यंत्राकडूनच आवृत्तीचा क्रमांक विचारून तो ताडून पाहावा. एवढ्यावर न थांबता एसक्यूलाइट व एसएसएल हे भाग उघडतात का ते तपासावे आणि 34.5 व 'मराठी' यांची वर दिलेली दोन्ही उदाहरणे चालवून अपेक्षित उत्तर येते का तेही पाहावे. उत्तर वेगळे आले तर प्लेबुक थांबेल असे लिहावे.

प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी अँसिबलला केवळ तपासणीच्या रीतीने चालवता येते. काय बदलले असते, ते त्या वेळी दिसते. ही एक प्रकारची रंगीत तालीम होय. सर्व आज्ञांचा अंदाज तिच्यात येत नाही, तरीही ती घेतल्याशिवाय निकालाच्या सर्व्हरला हात लावू नये. पूर्ण झालेली फाइल 'गिट'सारख्या नोंदपद्धतीत ठेवावी, म्हणजे कोणी, कधी आणि कोणती ओळ बदलली याचा इतिहास राहतो.

जुन्या आवृत्तीचा पेच

आता पायथन 3.4.3 च्या पाठमालेकडे परत येऊ. प्लेबुकमध्ये 3.4.3 हा क्रमांक लिहिला की काम होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उबंटू 22.04 किंवा 24.04 वर हा प्रयत्न अडतो. या प्रणालींत ओपनएसएसएल 3.0 आहे. पायथन 3.4 लिहिला गेला तेव्हा ओपनएसएसएलची मांडणी वेगळी होती आणि 1.1 पासून पुढची मांडणी त्याला समजत नाही. त्यामुळे एसएसएलचा भाग तयार होत नाही आणि त्याविना जास्तीची पॅकेजेस उतरवून घेण्याचे 'पिप' हे साधन निरुपयोगी ठरते.

येथे तीन मार्ग संभवतात. पहिला, जुने ओपनएसएसएलही सोबत बांधणे. हे शक्य आहे, पण मुदत संपलेल्या दोन गोष्टी जतन कराव्या लागतात. दुसरा, 2013 मध्ये आलेल्या डॉकरसारख्या साधनाने जुने वातावरण बंद पेटीत ठेवून ते फक्त स्थानिक जाळ्यावर वापरणे. तिसरा मार्ग म्हणजे मुदतीत असलेली आवृत्ती बसवणे, पाठमाला तशीच दाखवणे आणि जेथे फरक पडतो तेथे अध्यापकाने एक पानाची टीप विद्यार्थ्यांना देणे. आरंभीच्या पाठांतील बहुतेक गोष्टी, जसे की यादी, आवर्तन, अटी व क्रिया, या दोन्ही आवृत्त्यांत सारख्याच आहेत. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते तिसरा मार्ग श्रेयस्कर आहे. ज्ञानेश्वरी शिकवताना आपण जुन्या रूपांवर टिपा देतोच. विद्यार्थ्याला तेराव्या शतकात राहायला सांगत नाही.

मर्यादा

स्वयंचलन म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध नव्हे. हाताने केलेली चूक एका यंत्रावर होते. प्लेबुकमधील चूक सर्व यंत्रांवर एकाच वेळी होते. म्हणून बदल आधी सरावाच्या सर्व्हरवर करावा. पासवर्ड उघडपणे फाइलीत लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. अँसिबलमध्ये ते कुलूपबंद ठेवण्याची वेगळी सोय आहे. इंटरनेटची जोडणी बेभरवशाची असेल तर पडताळणी केलेली मूळ संहिता महाविद्यालयाच्याच संगणकावर जपून ठेवावी. शिवाय अँसिबललाही आवृत्ती आहेच. मे 2024 मध्ये आलेल्या त्याच्या 2.17 या गाभ्याने पायथन 2.7 व 3.6 असलेल्या सर्व्हरचा पाठिंबा सोडला. म्हणजे फार जुन्या सर्व्हरसाठी अँसिबलही जुनेच वापरावे लागते आणि तो क्रमांकही लिहून ठेवावा लागतो. एकच सर्व्हर असलेल्या संस्थेने कदाचित अँसिबलपर्यंत जाऊही नये. नीट लिहिलेली एक स्क्रिप्ट आणि तिची छापील प्रत एवढेही पुरेसे होईल.

निष्कर्ष व शिफारशी

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती ही तपशिलाची किरकोळ बाब नसून ती उत्तराचाच एक भाग आहे. तिची स्थापना हाताने व स्मरणाने केली तर फरक राहतो आणि तो कोठे राहिला हे नंतर सापडत नाही. तीच स्थापना लिहून, यंत्राकडून करवून आणि तपासून घेतली तर संस्थेचे ज्ञान एका व्यक्तीबरोबर निघून जात नाही. या दृष्टीने पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

1. अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकाची वही आणि प्रश्नपत्रिका यांवर भाषेच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक छापावा.

2. प्रवेशाच्या वर्षी अशी आवृत्ती निवडावी की जिची मुदत ती तुकडी बाहेर पडेपर्यंत संपणार नाही. 2024 मध्ये प्रवेश घेतलेली तीन वर्षांची तुकडी 2027 मध्ये बाहेर पडते. तिच्यासाठी ऑक्टोबर 2028 पर्यंत मुदत असलेला पायथन 3.12 योग्य ठरतो.

3. निकालाशी संबंधित प्रत्येक आज्ञावलीसोबत अर्ध्या गुणाच्या काही उदाहरणांची चाचणी जोडावी आणि सर्व्हरमध्ये कोणताही बदल झाल्यावर ती पुन्हा चालवावी.

4. मराठी व उर्दू मजकुराच्या चाचण्या भाषाविभागाने तयार करून द्याव्यात. कोणते उत्तर बरोबर, हे संगणक विभागाला आपणच सांगू शकतो.

5. वर्षातून एकदा, सुट्टीत, एका रिकाम्या संगणकावर केवळ लिहिलेल्या फाइलीच्या आधारे संपूर्ण सर्व्हर उभा करून पाहावा. हे काम नेहमीच्या माणसाने न करता दुसऱ्याने करावे. त्याला जेथे अडखळायला होईल तेथे नोंद अपुरी आहे असे समजावे.

यांपैकी पहिल्या शिफारशीला पैसा, सर्व्हर किंवा प्रशिक्षण यांतील काहीच लागत नाही. येत्या सत्राच्या प्रात्यक्षिक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली तरी सुरुवात होईल.